माझ्या वतीने कोण बोलणार?

वैद्यकीय इच्छापत्रात, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत ते आधीच लिहून ठेवायच्या कागदात, एक रकाना असतो. मी स्वतः बोलण्याच्या अवस्थेत नसेन तेव्हा माझ्या वतीने कोण बोलणार, ते त्यात लिहायचं. मृत्युपत्र झालं, बँकेतली नामनिर्देशनं तपासून झाली, देहदानाचा अर्जही भरून दिला, तरी तो रकाना कोराच होता. बाकीचे कागद माणूस वकिलाला, डॉक्टरला विचारून पुरे करतो. हा मात्र घरातल्या माणसांना एकेक करून समोर बसवून, विचारून भरावा लागतो.

हे सगळं सुरू झालं माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या आजारपणात. आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. मेंदूत रक्तस्राव झाला आणि आक्का अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर गेल्या. काही दिवसांनी डॉक्टर म्हणू लागले की सुधारणेची आशा नाही, पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा. थोरला पुतण्या म्हणाला, आईचे असे हाल नकोत. धाकटा म्हणाला, मी कर्ज काढीन, पण आईचा श्वास थांबवायच्या कागदावर माझी सही होणार नाही. दोघांची माया खरी होती. आक्का त्या यंत्रावरच गेल्या. तेराव्याला दोघे भाऊ एका पंगतीत बसले, पण एकमेकांशी बोलले नाहीत, आणि अजूनही कामापुरतंच बोलतात. आक्का भावकीत, बाजारात, कुणापुढेही स्पष्ट बोलणारी बाई. त्यांना आधी कधी विचारलं असतं तर दोन वाक्यांत सांगून मोकळ्या झाल्या असत्या. आम्ही कुणी विचारलंच नाही, कारण आपल्याकडे जित्या माणसासमोर असं विचारणं अभद्र समजतात.

घरी परतल्यावर मी ह्यांना म्हटलं, आपलं आपण लिहून ठेवू. ह्यांनी नकार दिला नाही.

मृत्युपत्राचं काम सोपं निघालं. ते साध्या कागदावरही चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तरी पुढे कुणी शंका काढू नये म्हणून आम्ही ती दुय्यम निबंधकांकडे केली, सोबत प्रकृती आणि मन ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला लावला. दोन साक्षीदार लागतात. त्यांनी मजकूर वाचायची गरज नसते, आपल्याला सही करताना त्यांनी पाहिलेलं असावं लागतं. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, असं वकिलांनी बजावलं. वाई तालुक्यातल्या वडिलोपार्जित जमिनीत ह्यांचा जेवढा हिस्सा, तेवढ्याचंच हे लिहून देऊ शकतात, हेही तिथंच नीट समजलं. हडपसरचा फ्लॅट आमच्या दोघांच्या कमाईचा, तो मुलगा आणि मुलगी दोघांना सारखा.

इथं एक गोष्ट ठासून सांगते, कारण शिकल्यासवरल्या घरांतही ती ठाऊक नसते. बँकेत किंवा सोसायटीत ज्याचं नाव आपण नॉमिनी म्हणून देतो, तो मालक होत नाही. आपल्यामागे पैसे किंवा फ्लॅट ताब्यात घेऊन खऱ्या वारसांपर्यंत पोचवायची जबाबदारी त्याची. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नावं देता येतात, म्हणून आम्ही जुनी नावं बदलून घेतली. एका ठेवीवर माझ्या सासूबाईंचंच नाव होतं. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली.

देहदानाचा निर्णय माझा एकटीचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत आले. आपल्यामागे आपला देह विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावा, एवढी साधी इच्छा. ह्यांना ते नको होतं. ह्यांच्या घरात वारी आहे. आपल्याला अग्नी मिळावा आणि अस्थी इंद्रायणीत जाव्यात, असं ह्यांनी सांगितलं, आणि मी ते तसंच ह्यांच्या कागदात लिहिलं. नवराबायकोचा शेवट सारखाच असला पाहिजे असं कुठं आहे?

वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज घ्यायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. अपघात, संशयास्पद मृत्यू, शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत. काही संसर्गजन्य आजार असतील तरी घेत नाहीत. नेत्रदान केलं तर चालतं. मात्र मेंदू मृत झाल्यावर अवयवदान झालं, तर तो देह सहसा अभ्यासासाठी घेतला जात नाही, तेव्हा अवयवदानाला पहिला मान द्यावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्जावर मी सही केली तरी त्या वेळी जवळचे नातेवाईक नको म्हणाले तर महाविद्यालय देह नेत नाही. म्हणजे माझी सही ही माझी इच्छा, आणि ती पुरी करणारे दुसरेच.

नेत्रदानाचं मी एका वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजच्या बाजूला लावलंय. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर कळवायचं, फोन १९१९. पंखा बंद करायचा. पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच ठेवायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला तरी चालतं. रडणाऱ्या घरात हे कुणाला आठवत नाही, म्हणून ते डोळ्यांसमोर हवं. त्याच कागदावर आमच्या फॅमिली डॉक्टरांचा नंबर आहे. माणूस घरी गेला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला, नमुना ४अ, शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यावा लागतो. त्याशिवाय स्मशानात अडतं आणि महाविद्यालयातही अडतं. घरी येऊन तपासणारा डॉक्टर हल्ली सहज मिळत नाही. मी आमच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं, मी घरी गेले तर तुम्ही याल ना? ते म्हणाले, येईन, काकू.

आता वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात.

आपल्या पिढीला अरुणा शानबाग आठवतात. केईएममधल्या त्या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला आणि त्यापुढची सगळी वर्षं, १८ मे २०१५ पर्यंत, त्या भान हरपलेल्या अवस्थेत तिथंच खाटेवर होत्या. त्यांना या अवस्थेतून सोडवावं असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात झाला, तेव्हा मार्च २०११ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. मात्र ठरावीक परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवता येतील, हा रस्ता त्याच निकालाने उघडला. मी तो निकाल या निमित्ताने पुन्हा समजून घेतला तेव्हा मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटली. अरुणाताईंच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा, असा प्रश्न होता. न्यायालय म्हणालं, सदतीस वर्षं ज्यांनी त्यांची अंघोळ-जेवण केलं, त्यांच्या अंगाला कधी जखम होऊ दिली नाही, त्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. आणि त्या परिचारिकांना अरुणाताई जगायला हव्या होत्या.

९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरणं हाही जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि असं इच्छापत्र करायची मुभा दिली. पण त्या वेळची पद्धत इतकी किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्यांची सही वगैरे, की ते करणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली. आता दोन स्वतंत्र साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेतल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात याचिका केल्यावर महाराष्ट्रात हे कस्टोडियन, म्हणजे ही इच्छापत्रं जपून ठेवणारे अधिकारी, नेमले गेले. त्यांच्यामुळे माझ्यासारखीला कागद कुठं द्यायचा ते ठिकाण मिळालं.

मी मसुदा लिहिला तेव्हा पहिलं वाक्य होतं, ‘मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये.’ आमच्या डॉक्टरांनी ते वाचून पेन बाजूला ठेवलं. म्हणाले, “काकू, उद्या तुम्हाला न्यूमोनिया झाला आणि चार दिवस यंत्र लावून तुम्ही चालत घरी येणार असाल, तरी नको?” मग त्यांनी माझ्याकडून सगळं नव्यानं लिहून घेतलं. आजार बरा होणारा नाही, शुद्धीवर येऊन माणसं ओळखण्याची आशा नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं, तर व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करणं, डायलिसिस हे करू नये. सुरू केलेलं असेल तर थांबवावं. बरं होण्याची शक्यता असेल तर सगळं करावं. वेदना आणि धाप कमी करणारी औषधं शेवटपर्यंत द्यावीत. तोंड ओलं ठेवावं, अंग पुसावं, कूस बदलावी. जमलं तर घरी न्यावं. नाकातल्या नळीने अन्न देण्याबद्दल मी खूप विचार केला आणि शेवटी लिहिलं की ते माझ्या वतीने बोलणाऱ्या माणसाने डॉक्टरांशी बोलून ठरवावं. कागदात सगळं मावत नाही.

हा कागद दाखवला की लगेच यंत्र बंद होतं, असा समज असेल तर तो काढून टाका. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं रुग्णालयातलं मंडळ आधी तपासतं, मग दुसरं मंडळ बसतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. इच्छापत्रात ज्याचं नाव आहे त्याची संमती घ्यायची आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. या प्रत्येक पायरीवर दवाखान्याच्या दारात कुणीतरी आपलं माणूस उभं असावं लागतं. म्हणून तो रकाना महत्त्वाचा.

मी पहिल्यांदा अर्थातच ह्यांना विचारलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुझं सगळं करीन. पण ती सही मला नाही करता येणार.” इतक्या वर्षांच्या संसारात हे इतकं सरळ कधी बोलले नव्हते, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट सांगितलं हे फार बरं झालं.

मुलगा जर्मनीत असतो. तो म्हणाला, “आई, तू लिहिशील तसंच करीन. पण मी पोचेपर्यंत थांबा, एवढं मात्र मी म्हणणारच.” त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

लेक नाशिकला. ती ऐकून घेऊन गप्प बसली आणि दोन दिवसांनी तिचा फोन आला. तिने प्रश्न लिहून काढले होते. “आई, तू डोळे उघडे ठेवून बघत असशील, पण मला ओळखत नसशील, तर?” “तू विसरभोळी झालीस, पण खाऊनपिऊन हसतीखेळती असलीस, तर यातलं काही लागू करायचं का?” “मावशी, काका मला वाईट म्हणतील, तेव्हा मी काय दाखवू?” मी एकेकाचं उत्तर दिलं, काहींना वेळ मागून घेतला. विसरभोळेपणाच्या प्रश्नावर आम्ही पुन्हा पुन्हा बोललो. त्या बोलण्यात मला कळलं की नाव कुणाचं लिहायचं. जिला अवघड प्रश्न विचारायचं धाडस आहे, तीच त्या दारात उभी राहू शकेल.

मी निवृत्तीपूर्वी मुलांची सहल घेऊन गंज पेठेतल्या फुले वाड्यात जात असे. तिथली एक हकिगत मी मुलांना सांगायची, तिचा अर्थ मला या वयात जास्त उमगला. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र केलं, दत्तक मुलगा यशवंत याला वारस केलं. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. घरामागे त्यासाठी खड्डाही खणून ठेवलेला होता. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले आणि राहत्या वस्तीत पुरायला परवानगी मिळाली नाही. दहन करावं लागलं. दत्तकाने टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे न्यायचं विस्तवाचं मडकं, धरायला भावकीने हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवं हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. नंतर अस्थी आणून त्याच ठिकाणी ठेवल्या. एवढ्या मोठ्या माणसाचंही लिहिलेलं सगळं झालं नाही. जे झालं ते सावित्रीबाई उभ्या होत्या म्हणून झालं.

मी लेकीचं नाव पहिलं लिहिलं, मुलाचं दुसरं. एकापेक्षा जास्त नावं देता येतात. मुलगा थोडा दुखावला. धाकट्या बहिणीचं नाव आधी, हे त्याला लागलं, आणि मी त्याला समजावत बसले नाही. ती गोष्ट त्या दोघांनी आपसांत बोलून मिटवावी असं मला वाटत होतं. त्यांनी ती मिटवली. संमती द्यायच्या आधी ती त्याला फोन करील, व्हिडिओवर मला दाखवील, आणि मग सही करील, असं त्यांचं ठरलं. ते वाक्य मी कागदात घातलं.

नोटरीकडे मला धाकटा पुतण्या घेऊन गेला, आक्कांचा. नोटरीसाहेबांना वाटलं मालमत्तेचा कागद आहे. वाचल्यावर ते खुर्चीत सावरून बसले आणि मला पाणी दिलं. आमचा नंबर लागेपर्यंत पुतण्याने तो कागद पुरता वाचला होता. परत येताना गाडीत म्हणाला, “काकू, आईने असं लिहून दिलं असतं, तर मी सही केली असती.” मी त्याला काही म्हटलं नाही. घरी सोडताना त्याने एक झेरॉक्स मागून घेतली, स्वतःसाठी आणि बायकोसाठी. महापालिकेत प्रत दिली, पोच घेतली, ती फाइलला लावली. गुगलच्या खात्यातही सोय आहे, अमुक महिने खातं वापरलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला त्यातलं मिळतं. तिथंही लेकीनेच बसून तिचं नाव घातलं.

एवढं झाल्यावर ह्यांनी एका रात्री विचारलं, “तुझ्या अस्थीच नसणार. मग रामकुंडावर काय नेणार?”

प्रश्न खरा होता. आक्कांच्या अस्थी आम्ही नाशिकला रामकुंडात सोडल्या. तिथल्या उपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारून आमच्या घराण्याची वही काढली. ह्यांच्या आजोबांची मोडीतली सही होती, त्यांच्या वडिलांचं नाव, भाऊ, मुलगे, कोण कधी आलं ते. ह्यांचे डोळे भरून आले. मी पानं उलटत राहिले. आमच्या पानांवर बायका जवळजवळ नव्हत्याच. ज्यांच्या नावाने यात्रा केली, त्या एकदोघी, त्याही अमक्याची मातोश्री म्हणून. गुरुजींचा यात दोष नाही, पिढ्यान्‌पिढ्या यजमानांनी जे सांगितलं ते त्यांनी उतरवलं. मी त्यांना विनंती केली की आक्कांचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं गावही लिहा. त्यांनी लगेच लेखणी घेतली. तेव्हा आक्कांच्या दोन्ही मुलांना आईचं लग्नाआधीचं नाव सांगता आलं नाही. मला ठाऊक होतं, कारण दुपारी भाकऱ्या थापताना त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं.

ह्यांना मी म्हटलं, अस्थी नसल्या तरी मुलांनी जावं, गुरुजींना माझं नाव सांगावं, माहेरच्या नावासकट. दहावा-तेरावा करायचा की नाही, ते ह्यांच्या आणि मुलांच्या समाधानावर सोडलंय. गुरुजी दर्भाचा विधी सांगतील तर तो करा. माझं मागणं एकच, तेराव्याच्या जेवणाचा खर्च वाचवा आणि माझ्या शेवटच्या शाळेला दरवर्षी पुस्तकं घेऊन द्या. त्यासाठीची ठेव वेगळी ठेवली आहे, पावती त्याच फाइलमध्ये आहे.

आणि मी एक वही घातली. डाव्या पानावर सासरच्या बायका, उजव्या पानावर माहेरच्या. प्रत्येकीचं जन्माचं नाव, लग्नातलं नाव, माहेरचं गाव, किती बाळंतपणं आणि त्यातली किती मुलं जगली, काय चांगलं करायची, कशात हुशार होती. माझ्या आईच्या ओव्या मला येतात तेवढ्या मी फोनवर म्हणून ठेवल्या. जुने फोटो काढून त्यांच्या पाठीवर पेन्सिलीने नावं लिहिली. कितीतरी चेहरे आता फक्त माझ्या आणि माझ्या नणंदेच्या ओळखीचे उरलेत. तिच्यासोबत बसून हे काम चालू आहे. ती एकेक फोटो हातात घेते आणि त्या बाईबद्दल बोलत सुटते, मग मी फोटो सोडून तेच लिहून घेते.

ह्यांच्या पणजीपाशी येऊन अडलंय. त्या बाईने दुष्काळात घर सांभाळलं असं सगळे सांगतात, नाव कुणालाच येत नाही. माहेर मेणवलीकडचं, एवढं कळलंय. दिवाळीनंतर आम्ही तिकडं जाणार आहोत. भावकीतल्या एका आत्याबाईंना ठाऊक असेल असं म्हणतात. लेक नाशिकहून येणार आहे, आणि या वेळी मुलगाही तेव्हाच सुट्टी काढतोय.